काढलेली पुस्तके, न घेतलेली पुस्तके

लेखकाचे गैरवर्तन आणि वाङ्मयप्रकाराला चिकटलेला कमीपणा हे दोन विषय ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात सहसा एकत्र येत नाहीत. पहिला व्यवसायनीतीच्या चर्चेत जातो, दुसरा ग्रंथनिवडीच्या प्रकरणात. लेखकाने गुन्हा केला, किंवा केल्याचा आरोप झाला, तर त्याच्या पुस्तकांचे काय करायचे हा एक प्रश्न. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, कॉमिक यांना ग्रंथालयात जागा द्यायची का, आणि दिली तर कोणत्या कपाटात, हा दुसरा. या संग्रहातले लेख दोन्ही प्रश्नांना शेजारी बसवतात. तसे करण्यामागचे माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कोणत्या लेखकाबद्दल रीतसर वाद होतो आणि कोणाला नुसते कपाटातून उचलून बाहेर ठेवले जाते, हे अपराधाच्या वजनावर ठरते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो लेखक काय प्रकारचे लिहितो यावर ते बरेच अवलंबून असते.

दुसऱ्या महायुद्धातली दोन माणसे घ्या. पी. जी. वुडहाऊस १९४० साली फ्रान्समधल्या ल तुके या गावी जर्मन सैन्याच्या हाती सापडले. पुढचे जवळजवळ वर्षभर ते स्थानबद्ध होते, शेवटी सायलेशियातल्या टोस्ट इथल्या छावणीत. जून १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिनहून अमेरिकी श्रोत्यांसाठी पाच भाषणे केली. विषय काय, तर छावणीतल्या दिवसांच्या गमतीजमती. हिटलरची स्तुती नाही, युद्धाबद्दल मत नाही. पण ध्वनिक्षेपक शत्रूचा होता आणि इंग्लंडमधल्या शहरांचे ढिगारे अजून उपसून झाले नव्हते. जुलैमध्ये बीबीसीवरूनच त्यांच्यावर अतिशय कडवट भाषण झाले, बीबीसीने त्यांचे साहित्य प्रसारित करणे थांबवले, आणि काही सार्वजनिक ग्रंथालयांनी त्यांची पुस्तके कपाटांतून काढली. काही ठिकाणी ती नष्टही केली. यासाठी ठराव, सुनावणी, लेखी कारणे यांची फारशी गरज कोणाला वाटली नाही. विनोदी कादंबऱ्या त्या. गेल्या तर काय बिघडले!

दुसरा माणूस एझ्रा पाउंड. हा अमेरिकन कवी रोमच्या रेडिओवरून मुसोलिनीच्या बाजूने बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात ज्यूंबद्दलचा द्वेष उघडा होता. १९४३ मध्ये त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याला पिसाजवळच्या छावणीत ठेवले. पुढे खटला चालवण्याइतकी त्याची मानसिक स्थिती नाही असा निर्णय झाला आणि १९५८ पर्यंत तो वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात होता. तो तिथे असतानाच, १९४९ च्या फेब्रुवारीत, त्याला बोलिंगेन पारितोषिक जाहीर झाले. पारितोषिक देणारी संस्था होती अमेरिकेची राष्ट्रीय ग्रंथसंस्था, लायब्ररी ऑफ काँग्रेस. निवडणाऱ्या मंडळात टी. एस. एलियट आणि डब्ल्यू. एच. ऑडन होते. गदारोळ झाला, संसदेपर्यंत गेला, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसला पारितोषिके देण्याचे काम सोडावे लागले. बोलिंगेन येल विद्यापीठाकडे गेले.

कोणत्याही तराजूत पाउंडचे कृत्य वुडहाऊसपेक्षा जड भरते. तरी त्याच्या वाट्याला देशव्यापी वाङ्मयीन वाद आला. कविता कवीपासून वेगळी काढता येते का, सौंदर्य आणि नीती यांचा संबंध काय, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. वुडहाऊसच्या बाजूने १९४५ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने लिहिले खरे, पण त्या बचावाचा बराचसा भार हा माणूस राजकारणात अगदीच भोळा आहे यावर होता. हलके लिहिणाऱ्याची वकिलीही हलकेपणाच्याच आधाराने झाली. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्याने १९४४ मध्ये चौकशी करून खटल्याजोगे काही नाही असे कळवले होते. ती कागदपत्रे १९८० पर्यंत लोकांसमोर आली नाहीत. वुडहाऊसना १९७५ मध्ये 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. त्यांची पुस्तके मात्र वाचकांनीच कधीच परत आणली होती, मागण्या करून करून. मराठी घरांत वुडहाऊस ज्या प्रेमाने वाचला गेला, त्या प्रेमाला बर्लिनची भाषणे कधी आडवी आलेली दिसत नाहीत.

हलके आणि जड ही विभागणी कोणी केली, याचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अभ्यासक्षेत्राचा सर्वांत भरलेला भाग आहे. लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड मुडी याने १८४२ मध्ये सुरू केलेले वर्गणीचे वाचनालय इतके मोठे झाले की त्याने किती प्रती उचलल्या यावर कादंबरीचे नशीब ठरू लागले. मुडीला जे कुटुंबात वाचण्याजोगे वाटत नसे, ते तो घेत नसे. बंदी नव्हे, नुसती न-खरेदी. जॉर्ज मूर या कादंबरीकाराने १८८५ मध्ये या कारभारावर पुस्तिका लिहून हल्ला चढवला, कारण त्याची स्वतःची कादंबरी त्यात अडकली होती. त्याच वर्षी अमेरिकेत कॉनकॉर्डच्या ग्रंथालयाने 'हकलबरी फिन' बाहेर ठेवले. हे दुसरे उदाहरण जगभर माहीत आहे. मुडीने न घेतलेल्या शेकडो कादंबऱ्यांची नावे कोणाला सांगता येणार नाहीत. बंदी नोंदली जाते. न-खरेदीचा कागद तयारच होत नाही.

अमेरिकेत बॉय स्काउट्सचे प्रमुख ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये मुलांच्या स्वस्त साहसमालिकांविरुद्ध एक गाजलेला लेख लिहिला. या गोष्टी मुलांची कल्पनाशक्ती जाळून टाकतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे नॅन्सी ड्रूच्या कथा १९३० पासून येऊ लागल्या, लाखोंनी खपल्या, आणि तरीही अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या कित्येक दशके घेतल्या नाहीत. मुली त्या विकत घेत, एकमेकींना देत, ग्रंथालयात मात्र त्यांची चौकशी करायला लाजत.

आणि मग कॉमिकचे प्रकरण. नव्या वाचकाने या क्षेत्रातले एकच प्रकरण नीट वाचायचे ठरवले, तर मी हेच सुचवीन, कारण दोन्ही धागे इथे एकमेकांत अडकतात. फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ. हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवणारे, शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात ज्यांची साक्ष उपयोगी पडली असे सज्जन गृहस्थ. १९५४ मध्ये त्यांनी कॉमिकमुळे मुले गुन्हेगार होतात असे सांगणारे पुस्तक काढले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ग्रंथपाल आणि शिक्षक तर १९४० च्या दशकापासूनच कॉमिकविरुद्ध मोहीम चालवत होते. आता त्यांना शास्त्राचा आधार मिळाला. वर्थम यांचे टिपणसंग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा झाले आणि २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले. इलिनॉय विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या कॅरल टिली यांनी ते तपासले. मुलांच्या मुलाखतींतली वाक्ये बदललेली, अनेक मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातलेले, गैरसोयीचे तपशील गाळलेले, असे त्यांना आढळले, आणि २०१२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे एका वाङ्मयप्रकाराला बदनाम करणारा ग्रंथच लबाडीने रचलेला होता. ही लबाडी उघड व्हायला अठ्ठावन्न वर्षे लागली, कारण कागद २०१० पर्यंत बंद होते, आणि कॉमिकच्या बाजूने बोलणाऱ्याला विद्वानांत कोण विचारणार? आणि लबाडी उघड झाली तीही एका ग्रंथालयाने कागद जपून ठेवले म्हणून. टिकावे असे कोणाला वाटो वा न वाटो, कागद टिकले पाहिजेत हे मला या प्रकरणाने पटवले.

महाराष्ट्राकडे वळताना चित्र थोडे वेगळे दिसते. इथे सार्वजनिक ग्रंथालयांच्या शेजारीच गल्लीबोळांतली भाड्याची वाचनालये होती, आणि हलक्या समजल्या गेलेल्या साहित्याचा खरा संसार तिथे चालला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड आणि झुंजार या त्यांच्या नायकांची नावे माहीत नव्हती असे घर विरळा. तरीही त्यांच्या पहिल्या आवृत्त्यांची नीट मांडलेली रांग बघायची असेल, तर सार्वजनिक ग्रंथालयापेक्षा खासगी संग्राहकाचे दार ठोठावावे लागते. हीच गत गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची. नारायण धारपांच्या भयकथा पुढे नव्या आवृत्त्यांतून परत आल्या, पण मूळ प्रती वाचून वाचून फाटल्या आणि बाद झाल्या. कमी प्रतीच्या कागदावर छापले, भाड्याने फिरवले, फाटले, टाकले: या साखळीत कोणाचा दुष्ट हेतू शोधायला जाऊ नये. पण फाटलेल्या प्रतीच्या जागी दुसरी घ्यायची की नाही, हा निर्णय ग्रंथखरेदी समिती घेते, आणि समितीची रुची त्या निर्णयात उतरतेच. (वर्तमानपत्राचे वेष्टन घालून रहस्यकथा वाचणारे सदस्य समितीवर कधी नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही.)

चंद्रकांत काकोडकरांचे प्रकरण न्यायालयात गेले म्हणून त्याचा कागद तरी आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सोडले. इथे लेखकाचे वर्तन आणि लेखन एकच झाले: लिहिणे हाच गुन्हा. लोकप्रिय प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या बाबतीत हा गोंधळ चटकन होतो. कायद्याने निर्दोष ठरल्याने असा लेखक वाचनालयाच्या दर्शनी कपाटात आला का, हे शोधायला हवे. जुन्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या चाळणारा एखादा विद्यार्थी त्याचे उत्तर देऊ शकेल.

आता वाचकांकडे. ज्या वाङ्मयप्रकाराची जग टवाळी करते, त्याचे वाचक एकमेकांना धरून राहतात. अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या वाचकांनी तर आपली संमेलने, आपली नियतकालिके, आपले पुरस्कार उभे केले. लेखक त्यांच्यातच वावरत. ही जवळीक सुंदर आहे, आणि धोक्याचीही. वॉल्टर ब्रीन हा त्या वर्तुळातला माणूस लहान मुलांशी गैरवर्तन करतो, ही गोष्ट १९६३-६४ मध्येच उघड बोलली जात होती. १९६४ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या समितीने त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा अनेकांनी समितीलाच दोष दिला. आपल्यातल्या एकाला बाहेर काढायचे म्हणजे बाहेरच्या टवाळखोरांच्या हाती कोलीत द्यायचे, ही भावना त्यामागे होती असे मला वाटते. ब्रीन पुढे मुलांवरील अत्याचारासाठी दोषी ठरला आणि १९९३ मध्ये तुरुंगात मेला. त्याची पत्नी मॅरियन झिमर ब्रॅडली ही राजा आर्थरची कथा स्त्रियांच्या नजरेतून सांगणाऱ्या कादंबरीमुळे लाखो वाचकांची आवडती झाली होती. १९९९ मध्ये ती वारली. २०१४ मध्ये तिच्या मुलीने सांगितले की आईनेही आपल्यावर अत्याचार केले.

त्या पुस्तकाने ज्यांना स्वतःकडे बघायला शिकवले होते, त्या वाचकांचे काय झाले असेल? कोणी प्रती टाकून दिल्या, कोणी ठेवल्या पण पुन्हा उघडल्या नाहीत, कोणी म्हणाले की पुस्तक आता माझे आहे, तिचे नाही. ब्रिटनमधल्या गोलान्झ या प्रकाशनाने तिच्या ई-पुस्तकांचे उत्पन्न मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्याचे ठरवले. या सगळ्या प्रतिक्रिया या क्षेत्राची सामग्री आहेत, आणि त्यांतली कोणतीही मूर्खपणाची म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही.

प्रतिष्ठेच्या साहित्यातही संरक्षण असतेच, फक्त ते वेगळ्या तऱ्हेने मिळते. गाब्रिएल मात्झनेफ हा फ्रेंच लेखक अल्पवयीनांशी असलेल्या संबंधांबद्दल स्वतःच्या दैनंदिनीत उघड लिहीत होता, दूरचित्रवाणीवर त्याबद्दल हसत बोलत होता. १९९० मध्ये कॅनडाच्या दनीझ बाँबार्दिए यांनी अशाच एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याला तोंडावर सुनावले, तर पॅरिसच्या साहित्यिकांनी त्यांनाच असंस्कृत ठरवले. २०१३ मध्ये त्याला रनोदो पारितोषिक मिळाले. २०२० च्या जानेवारीत, अल्पवयात त्याच्या संबंधात आलेल्या वानेसा स्प्रिंगोरा यांचे आत्मकथन आले, त्यानंतर कुठे गालिमार या प्रकाशनाने त्याच्या दैनंदिन्यांची विक्री थांबवली. उपेक्षित वाचकांनी आपला माणूस म्हणून झाकले, प्रतिष्ठितांनी मोठा लेखक म्हणून झाकले. ज्या मुलामुलींचे बालपण गेले त्यांना या फरकाचा काहीच उपयोग नव्हता.

अ‍ॅन पेरी यांचे प्रकरण यांत कुठेच नीट बसत नाही, म्हणून मला महत्त्वाचे वाटते. १९५४ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च इथे पंधरा वर्षांच्या असताना मैत्रिणीसोबत तिच्या आईचा खून केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सुमारे पाच वर्षांनी सुटल्यावर त्यांनी नाव बदलले आणि १९७९ पासून रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. १९९४ मध्ये जुनी ओळख बाहेर आली. वाचक टिकले. शिक्षा भोगून झाली होती, हे एक कारण. रहस्यकथेचा वाचक खुनी माणसाबद्दल विचार करायला सरावलेला असतो, हे दुसरे असू शकेल.

पैशाचा प्रश्न चर्चेत नेहमी येतो, आणि नेहमी ढोबळपणे येतो. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार ग्रंथालयातून पुस्तक वाचकाच्या हाती गेले की लेखकाला काही पेन्स मिळतात. एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांपेक्षा जास्त नाही. तिथे पुस्तक घरी नेणे म्हणजे, कितीही थोडे असो, लेखकाला पैसे देणे. भारतात अशी योजना नाही. आपल्याकडे ग्रंथालयाने प्रत एकदा विकत घेतली की पुढे ती हजार वेळा वाचली गेली तरी लेखकाला छदाम मिळत नाही. त्यामुळे ज्याला एखाद्या लेखकाचे उत्पन्न वाढवायचे नाही पण पुस्तक तर वाचायचे आहे, त्याने ग्रंथालयाची वर्गणी भरावी हे उत्तम. परदेशातल्या चर्चा आपल्याकडे उचलताना एवढा फरक तरी पाहावा.

ठेवणे आणि गौरवणे यांतही फरक करावा लागतो. अमेरिकन इंडियन ग्रंथालय संघटनेने लेखक शर्मन अलेक्सी यांना २००८ साली दिलेला पुरस्कार २०१८ मध्ये, अनेक स्त्रियांच्या तक्रारींनंतर, मागे घेतला. पुस्तक कपाटातून काढा असा त्याचा अर्थ नव्हता. खुद्द मेल्विल ड्युई यांचे उदाहरण तर ग्रंथपालांना टाळताच येणार नाही. महिला सहकाऱ्यांशी असभ्य वर्तनाच्या तक्रारींमुळे १९०६ च्या सुमारास ते अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या कामातून बाजूला पडले, आणि त्यांच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यू व कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. २०१९ मध्ये संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढण्याचे ठरवले. त्यांचे दशांश वर्गीकरण मात्र जगभर चालू आहे, आणि आपल्याकडेही मराठी साहित्य त्यात ८९१.४६ या अंकाखालीच लागते. ते बदलावे असे मला वाटत नाही.

वर्गीकरण हेही एक उत्तर असते, हे एका अमेरिकन उदाहरणावरून समजते. चेरोकी वंशाच्या अनाथ मुलाचे आत्मकथन म्हणून १९७६ मध्ये आलेले 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' हे पुस्तक प्रत्यक्षात आसा कार्टर या वर्णद्वेष्ट्या, कू क्लक्स क्लानशी संबंधित माणसाने टोपणनावाने लिहिले होते. १९९१ मध्ये हे पुन्हा चव्हाट्यावर आल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने ते खपाच्या यादीत ललितेतर विभागातून उचलून कादंबऱ्यांत टाकले. पुस्तक राहिले, वाचकाला खरे कळले. मला हा मार्ग जाळण्यापेक्षा आणि गप्प बसण्यापेक्षा पुष्कळ बरा वाटतो. तरी त्यात एक बोच आहेच. खोटे ठरलेले पुस्तक कादंबऱ्यांच्या यादीत टाकतात, म्हणजे कादंबरी ही खोटेपणाची अडगळ ठरते!

ग्रंथालयावरच राग निघतो तेव्हा काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील मजकुरावरून ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, कारण लेखकाने तिथल्या अभ्यासकांचे ऋण मान्य केले होते. पुस्तक परदेशी विद्यापीठाच्या मुद्रणालयातले. मोडतोड झाली इथल्या कपाटांची, पोथ्यांची. लेखकाबद्दलच्या संतापाची किंमत पुस्तके जपणाऱ्या संस्थेने मोजली.

या क्षेत्रात येणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. आरोप, कबुली आणि न्यायालयाचा निकाल या तीन वेगळ्या अवस्था आहेत. लिहिताना त्या मिसळू देऊ नयेत, विशेषतः लेखक हयात असेल तर. आणि वाचकाच्या रुचीचा त्याच्या चारित्र्याशी घाईने संबंध लावू नये, मग तो प्रेमकथा वाचणारा असो की दोषी लेखकाची प्रत घरी ठेवणारा. पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणे हे ग्रंथालयाचे काम म्हणून ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडले. वाचकाची लायकी तपासण्याचे काम त्यांनी कुठे सांगितलेले नाही.

सामग्री मात्र वेगाने नाहीशी होत आहे. जुन्या दाखल नोंदवह्या, देवघेवीची कार्डे, बाद पुस्तकांच्या याद्या, ग्रंथखरेदी समितीची इतिवृत्ते ही आपली मूळ साधने. संगणकीकरण झाले की ती रद्दीत जातात. गावोगावच्या ग्रंथपालांना आणि कार्यवाहांना माझी विनंती आहे: त्या वह्या विकू नका, आणि यापुढे पुस्तक बाद करताना शेऱ्याच्या रकान्यात 'जीर्ण' एवढेच न लिहिता खरे कारण आणि तारीख लिहा. एखादा विद्यार्थी त्या वह्या बघायला आला, तर त्याला बसायला जागा द्या.